पूर्वदृष्ट चित्रपट आणि क्रीडोद्यान

क्रीडोद्यानाच्या सहलीपूर्वी मुलांना संबंधित चित्रपट दाखवावेत, हा सल्ला केवळ उत्सुकता वाढविण्याचा उपाय मानला जातो. परंतु डिस्नेलँडचा इतिहास पाहता त्यात आस्वादाचा एक मूलभूत प्रश्न गुंतलेला आढळतो. कॅलिफोर्नियातील हे उद्यान १९५५ साली उघडले, तेव्हा ‘स्नो व्हाइट’ (१९३७) व ‘पीटर पॅन’ (१९५३) या चित्रपटांवरील सफरींत स्वतः नायिका वा नायक कोठेच दिसत नसत. त्यांची भूमिका प्रेक्षकाने घ्यावी, अशी योजना होती. कथा ज्याची त्याने स्मरणातून पुरवावयाची; चित्रपट न पाहिलेल्यास केवळ सुटी दृश्येच दिसावयाची. स्वत्व न सोडता परभूमिकेत शिरणे, ही न. चिं. केळकरांची ‘सविकल्प समाधी’ येथे जणू प्रत्यक्षात उतरली होती. पण पुष्कळांना हा हेतू उमगला नाही. ते स्नो व्हाइटला शोधीत राहिले. १९८३ च्या पुनर्रचनेत दोन्ही पात्रे आणली गेली. गोंधळ मिटला, मात्र नायक झालेले मूल पुन्हा प्रेक्षक झाले. चित्रपट आधी पाहावा, हे खरेच. पण त्यातील नायकाची जागा सफरीने मोकळी ठेवली, तरच त्या पूर्वसंस्काराचे सार्थक होते.