सुरात म्हणजे कशाच्या सुरात?

जॅको पास्टोरियसच्या १९७६ सालच्या पहिल्या सोलो अल्बमचा पहिला ट्रॅक म्हणजे ‘डॉना ली’. चार्ली पार्करच्या काळातली बीबॉपची धून, आणि ती इथं पडदे काढून टाकलेल्या बेस गिटारवर, म्हणजे फ्रेटलेस बेसवर वाजते. सोबतीला फक्त डॉन अलायसचे काँगा. पियानो नाही, गिटार नाही, कॉर्ड धरून ठेवणारं कुणीच नाही. फ्रेटलेसवर सुरात कसं वाजवावं याचा नमुना म्हणून बेसवाले हा ट्रॅक एकमेकांना ऐकवतात. मलाही तो प्रचंड आवडतो. पण नमुना म्हणून त्याची निवड चुकलीय असं माझं मत आहे. का चुकलीय, हे प्रपोजल लिहिण्याआधी समजून घेण्यासारखं आहे.

साधा प्रश्न विचारा: सुरात, पण कशाच्या? ‘डॉना ली’मध्ये बेसचा स्वर ज्याच्याशी ताडून बघावा असं दुसरं वाद्यच नाही. ऐकणाऱ्याकडे फक्त आधीचे स्वर असतात, तेही डोक्यात. तानपुरा बंद ठेवून द्रुत तान घेतली तर ती सुरेल वाटेलच, पण कणसूर पकडायला कानाला टेकू राहत नाही. तसंच हे.

बरं, कान सोडा, मशीनने मोजू म्हणाल. समजा, मिनिटाला २०० ठोक्यांची लय आहे आणि एका ठोक्यात दोन स्वर. म्हणजे एका स्वराला मिळाले ०.१५ सेकंद. साध्या फूरिये विश्लेषणात एवढ्या वेळात सुमारे ६.७ हर्ट्झपेक्षा जवळचे दोन सूर वेगळे दिसत नाहीत. २२० हर्ट्झच्या स्वरापाशी हे अंतर जवळपास ५० सेंट भरतं, म्हणजे अर्धा सेमिटोन. (सेमिटोनचे १०० समान भाग केले की एक भाग म्हणजे एक सेंट.) एकट्या स्वराचा अंदाज याहून बराच बारीक काढता येतो, मान्य. पण त्यासाठी तेवढा वेळ स्वर स्थिर आहे असं गृहीत धरावं लागतं. आणि फ्रेटलेसची सगळी मजाच स्वर स्थिर नसण्यात आहे! तारेला बोट लागलं की सुरुवातीला सूर किंचित वर असतो, मग बसतो. त्यावर घसरण आणि कंप वेगळेच. तेव्हा ‘सरासरी चूक ३.२७ सेंट’ असं कुठं वाचलं तर आधी विचारा, स्वराचा कुठला तुकडा मोजला?

याच अल्बमवर ‘पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी’ आहे, आणि माझ्या मते सुराबद्दल शिकायचं असेल तर ते इथं आहे. हा तुकडा बहुतांशी नैसर्गिक हार्मोनिक्सवर उभा आहे. तार दाबायची नाही, ठरावीक जागी नुसतं बोट टेकवायचं. त्यामुळे सूर किती वर, किती खाली हे बोट ठरवत नाही, तारच ठरवते. आता गंमत बघा. तारेच्या पाचव्या हार्मोनिकमधून मिळणारा तीव्र, म्हणजे आपला शुद्ध, गंधार ३८६ सेंटचा असतो. पियानोवरचा असतो ४०० चा. ट्यूनर लावला तर तो म्हणेल, १४ सेंट खाली, बेसूर. कान म्हणतो, वा! दोघांत चूक कुणाची? कुणाचीच नाही. ट्यूनरला समविभागी सप्तक शिकवलंय, तो तेवढंच सांगतो. ‘ट्यूनरवर हिरवा दिवा म्हणजे सुरात’ ही व्याख्या घेऊन तुम्ही प्रयोग केला, तर या तुकड्याला तुम्हाला नापास करावं लागेल.

आणि शिकण्याचं काय? बेसची तार साधारण ८६४ मिलिमीटर लांब. पहिल्या पडद्याच्या जागी बोट एक मिलिमीटर सरकलं तर सूर सुमारे २ सेंट हलतो, बाराव्या जागी सुमारे ४. पडद्याच्या गिटारवर बोट पडद्याच्या मागे दाबतात. फ्रेटलेसवर थेट रेषेवरच टेकवावं लागतं, आणि बोटाचं टोक असतं सेंटिमीटरभर रुंद. म्हणून नवशिक्याला रेषा आखलेला बेस द्या, समोर ट्यूनर ठेवा, असा सल्ला मिळतो. त्याने सराव चालू असताना आकडे सुधारतात, यात शंका नाही. पण सॅल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी १९८४ साली मोटर लर्निंगच्या अभ्यासांचा जो आढावा घेतला, त्यातला मुद्दा इथं नेमका बसतो: प्रत्येक प्रयत्नाला निकाल दाखवत राहिलं तर सराव चांगला दिसतो, पण निकाल काढून घेतल्यावर कौशल्य टिकेलच असं नाही. गुंतागुंतीच्या कौशल्यांना हे जसंच्या तसं लागू होतं का, यावर वाद आहे. तो असू दे. पण ट्यूनर चालू ठेवूनच शेवटची चाचणी घेणारा प्रयोग ‘शिकण्या’बद्दल काहीच सांगत नाही. फार तर डोळ्यांबद्दल सांगतो. आठवड्याभराने, ट्यूनरशिवाय, शक्यतो अनोळखी धून देऊन चाचणी घ्या. मार्गदर्शक ‘एवढं कशाला, वेळ जाईल’ म्हणाले तरी हे सोडू नका.

कुणाला हा विषय खरंच घ्यायचा असेल तर ‘डॉना ली’ बाजूला ठेवून जोनी मिचेलचा ‘हेजिरा’ काढा. तोही १९७६ चाच, आणि त्यातल्या चार गाण्यांत जॅको आहे. इथं बेसला ताडून बघायला गिटार आहे आणि गळाही. गिटारला पडदे आहेत, गळ्याला नाहीत. बेसचा लांबवलेला स्वर या दोघांपैकी कुणाच्या जवळ जातो, हे मोजता येईल. स्वर लांब आहेत, म्हणजे मोजायला वेळही मिळतो. फक्त चार गाण्यांवरून ‘फ्रेटलेस वादक असं करतात’ असं लिहू नका. ‘या चार गाण्यांत असं दिसतं’ एवढंच लिहा.