दशावतार, कूलर लावून

नागपुरात मे महिना काढलेल्या माणसाचे कान कुठल्याही संगीताला तयार असतात, असं माझं मत आहे. खसच्या ताट्यांआड कूलर रात्रंदिवस घरघरत असतो आणि त्या घरघरीतच आम्ही भीमसेन ऐकतो, बातम्या ऐकतो, बायकोचं ऐकल्यासारखं करतो. त्यामुळे परवा दुपारी भाच्याच्या खोलीतून आवाज आला, तेव्हा कूलरचं बेअरिंग गेलं असं समजून मी मेकॅनिकला फोन लावला.

"मामा, बेअरिंग नाही, वराह आहे," भाचा म्हणाला.

'डेमॉनिक रेझरेक्शन' या मुंबईच्या मंडळींची 'दशावतार' ही २०१७ सालची ध्वनिमुद्रिका. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, दहा गाणी, भाषा इंग्रजी. म्होरक्या साहिल मखिजा. तो स्वतःला 'डेमनस्टीलर' म्हणवतो. पण याच गृहस्थानं 'हेडबँगर्स किचन' नावाचा स्वयंपाकाचा कार्यक्रमही केला, हे कळल्यावर माझी निम्मी भीती गेली.

या गायकीचं मोठं घराणं नॉर्वेत. तिथल्या 'एन्स्लेव्ह्ड'नं १९९१ साली सुरुवात केली, तेव्हा त्यांचा ईवार ब्योर्नसन तेरा वर्षांचा होता. पोरं आपल्या पुराणातल्या ओडिनच्या गोष्टी गर्जत राहिली. पुढे वयाबरोबर त्यांचं गाणं पसरट झालं. मध्येच सरळ गळ्यानं गाणं, मध्येच सत्तरच्या दशकातल्या रॉकसारखा कीबोर्ड. २०२३ पर्यंत ते ध्वनिमुद्रिका काढत होते! आपली मंडळी २०१० साली थेट ऑस्लोच्या 'इन्फर्नो' महोत्सवात वाजवून आली. म्हणजे साखर उसनी आणली आणि सावकाराच्याच घरी जाऊन शिरा करून आली.

उसनेपणाचा मला राग नाही. पेटीही युरोपातून आली आणि आज तिच्यावाचून आमचं नाट्यसंगीत उभं राहत नाही. प्रश्न एवढाच, की आणलेलं इथे शोभतं का? तर चौथं गाणं ऐका. नरसिंह! लहानपणी आमचे कीर्तनकार खांब फुटायच्या वेळी घसा खरवडून जो आवाज काढायचे, तो ऐकून बायका पोरांना पदराखाली घ्यायच्या. इथे तोच आवाज आहे, फक्त विजेवर चालणारा. नरसिंहानं भावगीताच्या गळ्यानं बोलावं तरी कसं? पायानं वाजवायचा ढोल हा वादक दोन्ही पायांनी असा झोडतो, की खांब फुटणारच. (राम-कृष्णापाशी मात्र मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. बासरीवाल्याला एवढा दंगा कशाला?)

ऐकायला माझे एक जुने सहकारी होते. पेन्शनचे कागद घेऊन आले होते, ते तिथेच बसले. दर अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जाणारे. आठ गाणी त्यांनी गुडघ्यावर ठेका धरून ऐकली. नववं लागलं. नाव : 'बुद्ध'. त्यांचा हात थांबला.

मी गडबडीनं बंद करायला उठलो.

"काऊन उठलात? ऐकू द्या ना." संपेपर्यंत ऐकलं त्यांनी. मग म्हणाले, "ढोल मस्त वाजवला हो. पण बुद्धाला भलत्याच रांगेत उभं केलं."

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच शहरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. बुद्ध हा विष्णूचा अवतार मानणार नाही, ही त्यातली पाचवी. ती ज्यांनी घेतली त्यांच्या घरात ही यादी आठावरून पुढे सरकत नाही. मुंबईच्या मंडळींचा हेतू वाईट नसणार. घरोघर भिंतीवर टांगलेली यादीच त्यांनी घेतली. पण माझी तक्रार तिथेच आहे. हे संगीत बंडखोर म्हणून मिरवतं. कोणाला मान द्यायचा नाही म्हणून केस वाढवतं. आणि यादी मात्र कॅलेंडरावरून जशीच्या तशी उतरवून घेतं! आमच्याकडच्या काही जुन्या पंचांगांत नवव्या जागी विठोबा उभा असायचा, म्हणजे यादी काही दगडावर कोरलेली नव्हती. विचारायचं तरी कुणाला.

भाचा खाली मान घालून म्हणाला, "काका, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं."

"तुझ्या कशाला येईल, बाप्पा? लाव, तो खांबवाला पुन्हा लाव."

पुन्हा नरसिंह सुरू झाला आणि दारात मेकॅनिक उभा. त्यानं कूलर उघडला, मग खोलीकडे कान दिला, पुन्हा कूलरकडे पाहिलं.

"मशीन ठीक आहे साहेब," तो म्हणाला. "पाणी टाका."