फाशी, सोवळं आणि लक्ष्मीबाईंचं हसू

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आपल्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेत धड्याच्या रूपाने वाचलेली असतात. इथे बॉथेलला किंवा सिएटलच्या आसपास कुणाच्या घरी अभिवाचनाचा बेत ठरला, की पु. लं.च्या खालोखाल हेच पुस्तक निघतं. विसराळू नवरा, हातात पैसा न टिकणं, न सांगता घरातून निघून जाणं, आणि या सगळ्याला पुरून उरलेली बायको. लोक पोट धरून हसतात. मात्र वाचन बहुधा 1895 च्या अलीकडेच थांबतं. त्या वर्षी 10 फेब्रुवारीला मुंबईत नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. तिथून पुढचं पुस्तक आपण ‘त्यांचं’ मानतो आणि बाजूला ठेवतो. माझं म्हणणं असं, की पुस्तकाचा गाभाच तिथे आहे, आणि तो लाजेविषयी आहे.

लाज म्हणजे अपराधाची टोचणी नव्हे. अपराध आपण केलेला असतो. लाज चार लोकांच्या डोळ्यांतून आपल्या अंगावर येते आणि मग आपलीच होऊन बसते. ग्रीन कार्ड लांबलं, नोकरी गेली, मुलगा कॉलेज सोडून घरी आला, तर आपण मंडळाच्या गणपतीला जायचं का टाळतो, हे ज्याचं त्याला ठाऊक असतं.

लक्ष्मीबाईंची गोष्ट सुरू होते तीच अशा एका घावापासून. 1857 च्या बंडात त्यांच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, फाशी झाली. त्यानंतर वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचं वेड शिरलं. घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय आत घ्यायची नाही, शिवाशीव तर नाहीच नाही. लक्ष्मीबाई हे सारं इतक्या गमतीने सांगतात, की त्यामागचं दुःख चटकन ध्यानात येत नाही. मला त्या धुण्यात फाशीचा डाग दिसतो. बाहेरचं जग आपल्याला शिवून गेलं, आता निदान उंबऱ्याच्या आत ते येऊ द्यायचं नाही, अशी ती धडपड आहे. लक्ष्मीबाईंनी हा धागा असा उलगडून दाखवलेला नाही. हे वाचन माझं आहे. पण पुस्तकाच्या आरंभीच फाशी आणि सोवळं शेजारी ठेवलेली आहेत, ती उगाच नव्हेत.

अशा घरातली मुलगी अकराव्या वर्षी टिळकांच्या घरी आली, आणि पुढे त्याच नवऱ्याने धर्म बदलला. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. शोक करावा तर तो मेलेला नाही, आणि अभिमानाने नाव घ्यावं तर लोक तोंड फिरवतात. त्या काळात पंढरपूरला नातेवाइकांकडे राहिलेल्या लक्ष्मीबाईंचं चित्र मराठी गद्यातल्या उत्तम पानांत मोडतं. आक्रोश आहे, पण रडगाणं नाही. दुःखातूनच त्यांची कविता सुरू झाली.

आता समीक्षकाचा प्रश्न. ख्रिस्ती आत्मकथनांचा एक ठरलेला साचा असतो: आधी अंधार, मग पश्चात्ताप, मग प्रकाश. बाबा पदमनजींचं ‘अरुणोदय’ घ्या. नावातच उजाडलेलं आहे. ते पुस्तक प्रामाणिक आहे, पण वाट आधीच आखलेली असल्याने वाचक पुढे काय होणार ते ओळखत जातो. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात असा सूर्योदय नाही. नवऱ्याकडे परत आल्यावरही सोवळं लगेच सुटत नाही. मग एके दिवशी विचार येतो, की माणसं देवाने केली, जाती माणसांनी. आणि त्या कुणाच्याही हातचं खायला मोकळ्या होतात. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 मध्ये. म्हणजे आधी पाणी पिणं आणि मग पाण्याने दीक्षा. योहानाच्या शुभवर्तमानात येशू विहिरीवर शोमरोनी बाईकडे पाणी मागतो, आणि यहुदी होऊन माझ्या हातचं पाणी कसं मागतोस, म्हणून ती चकित होते. नगर जिल्ह्यात त्या गोष्टीला टीपा लागत नव्हत्या.

इथेच श्रद्धेचं काम मला दिसतं. रोमन राज्यात क्रूस ही गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा होती, उघड्यावर, चारचौघांत, मुद्दाम लाज काढण्यासाठी. त्याच खांबाला जो धर्म मध्यभागी ठेवतो, त्याच्या देवळात फाशी गेलेल्या आजोबांच्या नातीला काही धुऊन आत जावं लागत नाही. धर्मांतराच्या राजकारणावर वाद घालायचा तर जरूर घालावा, पण ही गोष्ट त्या वादात हरवू नये. ख्रिस्ती नसलेल्या माझ्यासारख्या वाचकालाही ती पटते.

पुस्तकाचे दोष नाहीत असं नाही. हसू हे लक्ष्मीबाईंचं हत्यार आहे तसं झाकणही आहे. टिळकांचा रागीटपणा, घर सोडून जाणं, बायकोला गृहीत धरणं, हे आज वाचताना जिथे अंगावर काटा यावा तिथे त्या आपल्याला हसवतात आणि नवऱ्याला सोडवून घेतात. दुसरं असं, की जातीची लाज सोडणं हा इथे ब्राह्मण बाईचा प्रवास आहे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या विटाळ ठरवलं गेलं, त्या महार-मांग ख्रिस्त्यांच्या मनात काय चाललं होतं, ते त्या प्रेमाने पाहतात, पण बाहेरूनच पाहतात. ती लाज आतून वाचायला मराठीला दलित आत्मकथनांपर्यंत थांबावं लागलं.

तरीही नवऱ्याने शिकवायला घेतलं तेव्हा अक्षरओळखीशी झगडणारी ही बाई 1919 मध्ये तो गेल्यावर त्याचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ पुढे नेते, आणि 1934 पासून ‘स्मृतिचित्रे’चे भाग प्रसिद्ध होऊ लागतात. 1936 मध्ये त्या गेल्या. राहिलेलं काम मुलाने, देवदत्तांनी, पुरं केलं.

इथल्या मुलांना मराठी वाचता येत नसेल तर शांता गोखले यांचं 2017 चं इंग्रजी भाषांतर आहे. आणि पुढच्या अभिवाचनाला कुणी हे पुस्तक काढलंच, तर सुरुवात पंढरपूरपासून करावी. मंडळातली जी मराठी ख्रिस्ती कुटुंबं ‘तुम्ही मराठी कशा?’ हा प्रश्न ऐकून ऐकून यायची बंद झाली, त्यांनाही बोलवावं. पुढची पानं त्यांच्यापैकी कुणी वाचावीत.