खुसरोची माफी : ‘तुझुक-इ-जहांगीरी’ वाचताना

बुऱ्हाणपुरात येणारा पाहुणा मुमताजमहलची चौकशी करतो. तिच्या मृत्यूच्या (१६३१) नऊ वर्षं आधी जहांगीरचा थोरला मुलगा खुसरो याच शहरात, भावाच्या ताब्यात असताना मेला. त्याची कैद आणि माफी जहांगीरनं स्वतःच ‘तुझुक’मध्ये नोंदवली आहे. हे पुस्तक आपण तारखांसाठी चाळतो. पण माफी देणाऱ्याचं मन कसं चालतं, यासाठीही ते वाचायला हवं.

१६०६ साली खुसरोनं बंड केलं, चिनाबपाशी पकडला गेला. त्याच्या साथीदारांना लाहोरच्या रस्त्यावर सुळी दिल्याचं बादशहा मोकळेपणानं लिहितो. पुढच्या वर्षी कट उघडकीला आला आणि खुसरोचे डोळे अधू केले गेले, असं इतर साधनं सांगतात. ‘तुझुक’ त्याबद्दल गप्प! लेखक म्हणून जहांगीर फार बारीक नजरेचा, पक्षी-फुलांची पानंच्या पानं लिहितो. म्हणून हे मौन जास्त खटकतं.

खरी मेख पुढे आहे. १६१३-१४ च्या सुमारास घरातल्या बायकांनी रदबदली केल्यावर खुसरोला मुजऱ्याला येण्याची परवानगी मिळाली. थोड्याच काळात ती रद्द झाली. कारण काय, तर तो नेहमी उदास असतो, चेहऱ्यावर आनंद दिसत नाही! आता सात-आठ वर्षं कोंडलेल्या, डोळे अधू झालेल्या माणसानं हसायचं तरी कसं? आणि तो हसला असता, तर पश्चात्ताप नाही म्हणून बोट ठेवलं नसतं कशावरून? बादशहाला हा प्रश्न पडलेला दिसत नाही.

आजच्या जन्मठेपेच्या कैद्याच्या अर्जाशी याची तुलना जपूनच करावी. खुसरो राजपुत्र होता, गादीचा दावेदार होता. तरी एक फरक सांगण्यासारखा आहे. लक्ष्मण नस्कर खटल्यात (२०००) सर्वोच्च न्यायालयानं मुदतपूर्व सुटकेसाठी काही कसोट्या सांगितल्या : पुन्हा गुन्हा होण्याची शक्यता आहे का, आणखी कोंडून काही साधणार आहे का, घरच्यांची परिस्थिती काय. प्रत्यक्षात त्या कशा लावल्या जातात यावर वाद होतील, पण निदान विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत. खुसरोपुढे असं काहीच नव्हतं. वागणूक कशी सुधारायची हे त्याला कुणी सांगितलं नाही, फक्त चेहरा वाचला.

१६१६ मध्ये त्याला अनी राय सिंहदलनकडून काढून आसफखानाच्या ताब्यात दिलं, म्हणजे खुर्रमच्या सासऱ्याच्या. १६१९ मध्ये मथुरेच्या जदरूप गोसाव्याची भेट झाल्यानंतर माफी मिळाली. गोसाव्यानं शब्द टाकला अशी कथा आहे. बादशहा मात्र श्रेय स्वतःच्या दयेला देतो. पुढच्याच वर्षी दख्खनच्या मोहिमेवर निघालेल्या खुर्रमनं भावाला मागून घेतलं, आणि १६२२ च्या सुरुवातीला बुऱ्हाणपूरहून कळवलं की तो पोटशुळानं गेला. समकालीन युरोपीय लेखक हा खून म्हणतात आणि आजचे बहुतेक इतिहासकार तेच मानतात. ‘तुझुक’मध्ये या मृत्यूला जेमतेम एखादं वाक्य मिळालं आहे.

त्याच वर्षी खुर्रमनंही बंड पुकारलं. १६२६ मध्ये त्यालाही माफी मिळाली. त्याचा चेहरा कसा होता हे कुणी पाहिलं नाही. दारा आणि औरंगजेब ही दोन मुलं दरबारी ओलीस आणि रोहतासबरोबर आपला असीरगड, एवढं त्यानं हवाली केलं.