नौका खरोखर भरली होती काय?

धनवंत राष्ट्राने संकटग्रस्तांसाठी थैली मोकळी केली, म्हणजे आश्रयाच्या कर्तव्यातून ते मुक्त होते काय? मार्कुस इमहोफ ह्या स्विस दिग्दर्शकाचा 'दास बोट इस्ट फोल', म्हणजे 'नौका भरली आहे', हा १९८१ सालचा चित्रपट पाहून हा प्रश्न आमच्या मनात उभा राहिला.

ऑगस्ट १९४२ मध्ये स्वित्झर्लंडने आपली सरहद्द निर्वासितांस बंद केली. केवळ वंशामुळे ज्यांचा छळ होतो, ते राजकीय निर्वासित नव्हेत, असा नियम करून यहुदी लोकांस परत धाडण्यात येऊ लागले. त्याच महिन्यात मंत्री एडुआर्ड फोन श्टायगर ह्यांनी देशास भरलेल्या जीवरक्षक नौकेची उपमा दिली. चित्रपटाचे नाव तिच्यावरूनच आले आहे.

कथानक साधे आहे. सरहद्द ओलांडून आलेली काही माणसे एका खेड्यातील खानावळीत आसरा घेतात. लहान मुले असलेल्या कुटुंबास राहू देतात असे कळताच ती एका कुटुंबाचे सोंग घेतात. ते उघडकीस येते व त्यांची सरहद्दीवर पाठवणी होते. ह्यात कोणी राक्षस नाही. जो तो नियम पाळतो, आणि त्यातूनच अनर्थ घडतो. हा संयम आम्हांस फार मोलाचा वाटतो. तथापि एक उणीव सांगितली पाहिजे. सारा भार खेड्यातील माणसांवर पडतो. नियम करणारे बर्नमधील अधिकारी मात्र प्रेक्षकांच्या दृष्टीआडच राहतात.

शत्रूने वेढलेल्या लहान देशाने आणखी काय करावे, असे कोणी म्हणेल. परंतु सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करल्यावर सुमारे २०,००० इटालियन सैनिकांस ह्याच नौकेत जागा मिळाली. आत आलेल्या यहुद्यांच्या पोषणाचा भारही बराच काळ तेथील मूठभर यहुदी समाजाच्या संस्थांनीच वाहिला. पुढे १९४४ मध्ये युद्धग्रस्तांसाठी 'स्विस देणगी' उभी राहिली. तिच्यातून सुमारे २० कोटी फ्रँक युरोपभर वाटले गेले. हे औदार्य खरे होते, आणि त्याने असंख्य उपाशी माणसे जगली, ह्यात संशय नाही. पण १९४२ साली सरहद्दीवरून परत फिरविलेल्यांस त्या देणगीचा काय उपयोग?

मदतीचे आकडे वाचून समाधान मानण्याची आम्हां सुशिक्षितांस सवय आहे. ती मोडण्यासाठी तरी हा चित्रपट अवश्य पाहावा.