उरूस : मृत्यूचा की लग्नाचा?

मराठी लेखनात ‘उरूस’ या शब्दाचे दोन अर्थ सर्रास दिले जातात. कुणी त्याला ‘जत्रा’ म्हणतो, कुणी ‘मुसलमानांची पुण्यतिथी’. पहिल्या अर्थातून मृत्यू निसटतो, दुसऱ्यातून लग्न. दोन्ही अर्थ अपुरे आहेत.

अरबीत ‘उर्स’ म्हणजे लग्न, लग्नाची मेजवानी. ‘अरूस’ म्हणजे नवरी. सूफींच्या धारणेप्रमाणे वलीचा देह सुटतो तेव्हा त्याचे परमेश्वराशी मीलन होते. म्हणून तो दिवस शोकाचा नव्हे. मौलाना रूमी १७ डिसेंबर १२७३ रोजी कोन्या येथे वारले. तेथे ती रात्र आजही ‘शब-ए-अरूस’, म्हणजे लग्नाची रात्र, म्हणून पाळतात. आपल्याकडे उरसाआधी संदलची मिरवणूक निघते, मजारीला चंदनाचा लेप लावतात. लग्नघरातल्या हळदीशेजारी हा विधी ठेवून पाहावा.

मराठवाड्याला ही परंपरा नवी नाही. चिश्ती सूफी शेख बुरहानुद्दीन गरीब १३३७ मध्ये निवर्तले. त्यांचा दर्गा खुलताबादला आहे. पण शब्द मराठीत किती मुरला याचा पुरावा व्याकरणात सापडतो. ‘उर्स’मधले जोडाक्षर आपल्या जिभेने फोडले आणि ‘उरूस’ केले. मग माणूस–माणसाला, कापूस–कापसाला, तसे उरूस–उरसाला. जो शब्द सामान्यरूपात आपले नियम पाळतो, त्याला परका कसे म्हणावे?

तो रुजला, कारण जमीन तयार होती. आळंदीला कार्तिक वद्य त्रयोदशीस ज्ञानेश्वरांचा समाधी ‘सोहळा’ होतो. पैठणला एकनाथांच्या देहावसानाची फाल्गुन वद्य षष्ठी ‘नाथषष्ठी’ म्हणून गाजते. अजमेरला ख्वाजा मोइनुद्दीन चिश्तींच्या उरसात रजब महिन्याच्या सहाव्या दिवसाला ‘छटी’ म्हणतात. संताच्या मृत्यूचा उत्सव ही कल्पना मराठी माणसाला शिकवावी लागली नाही.

मग ‘जत्रा’ हा अर्थ कुठून आला? हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे. त्या हिशेबाने उरूस दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. परंतु परभणीच्या तुराबुल हक दर्ग्याचा उरूस दरवर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीस भरतो. उरूस असा हंगामाला बांधला गेला की दुकाने, पाळणे, पाहुणे यांचे गणित जमते आणि मूळ निमित्त मागे पडते. दक्षिण महाराष्ट्रात तर ग्रामदैवताच्या यात्रेलाही उरूस म्हणतात.

हा अर्थविस्तार दोष नव्हे. लोकांनी शब्द आपला केल्याची ती खूण आहे. आमच्या दिंद्रुड भागात ‘उरसाला या’ म्हणताना कुणी व्युत्पत्ती पाहत नाही. लिहिणाऱ्याने मात्र पाहिली पाहिजे. ‘उरूस’ खोडून ‘यात्रा’ लिहिले तर वाक्य बिघडत नाही, पण मरणाला लग्न म्हणणारा एक शब्द मराठीतून कमी होतो. त्याच्या जागी ठेवायला आपल्याकडे दुसरा नाही.