पार्श्वसंगीताचा सूर आणि 'कुंकू'

चित्रपट पाहताना प्रेक्षकाचे डोळे पाणावतात, ते दृश्यामुळे, संवादामुळे की त्यांच्या पाठीमागे वाजणाऱ्या वाद्यवृंदामुळे, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही. तिन्ही घटक एकाच क्षणी येऊन भिडतात आणि श्रोता त्यांचे पृथक्करण करीत बसत नाही. मराठी चित्रपटाच्या इतिहासात मात्र हे पृथक्करण आपोआप घडून आलेले एक उदाहरण आहे. त्याची पूर्वपीठिका नाशिकपासून सुरू होते.

दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र'नंतर आपले बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकला हलविला. १९१८ मध्ये तेथे हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. तिच्या मूकपटांना संगीत नव्हते असे म्हणणे अर्धसत्य होईल. चित्रगृहात पेटी-तबला वाजत असे. परंतु तो चित्रपटाचा भाग नसून त्या गावच्या, त्या खेळाच्या वादकांचा होता. दिग्दर्शकाने घडविलेली भावना एक आणि वादकाने पुरविलेली भावना दुसरी, असा हा दुहेरी संसार होता. मूकपट म्हणून १९३२ मध्ये पूर्ण झालेल्या 'सेतुबंधन'ला पुढे ध्वनीची जोड देण्यात आली. ध्वनी फितीवरच आल्यावर मात्र संगीत कोठे असावे याइतकाच ते कोठे नसावे हा निर्णयही दिग्दर्शकाच्या हाती आला. हा दुसरा अधिकार फार थोड्यांनी वापरला.

तो वापरला गेला १९३७ मध्ये. फाळक्यांचा एकमेव बोलपट 'गंगावतरण' ज्या वर्षी आला, त्याच वर्षी पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने 'कुंकू' पडद्यावर आणला. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात शांतारामांनी प्रसंगांच्या पाठीमागील संगीत सर्वस्वी वर्ज्य केले. ऐकू येतात ते प्रसंगातूनच निघणारे नाद: पावलांचे, भांड्यांचे, रस्त्यावरचे आणि भिंतीवरील जुन्या घड्याळाचे. नीरेची गाणी आहेत, पण त्यांची साथही प्रसंगातूनच येते. ग्रामोफोन हा तेथे घरातील एक वस्तू म्हणूनच वाजतो. संगीतरचना केशवराव भोळे यांची होती, हे विसरून चालणार नाही. आदल्याच वर्षी 'संत तुकाराम'मध्ये ज्याने अभंगांना रूप दिले, त्या संगीतकाराची ही संगीतविरक्ती अज्ञानातून आलेली नव्हती.

या वर्ज्यतेचा अर्थ लावण्यासाठी वाद्यवृंद नेमके काय करतो ते पाहिले पाहिजे. वाद्याच्या स्वराला वाच्यार्थ नसतो. तथापि गीतादी नाद वाचक नसूनही रसाची अभिव्यक्ती करतात, हे आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त स्पष्टपणे मान्य केले आहे. शब्दाच्या वाचकशक्तीहून व्यंजना वेगळी आहे हे सिद्ध करताना त्याने गीताचाच दाखला दिला. चित्रपटाच्या संदर्भात यात एक भर घालावी लागते. पार्श्वसंगीत एकटे उभे राहत नाही. वाक्याला जसा बोलण्याचा सूर असतो, तसे ते दृश्याला चिकटून येते. 'छान केलंस' ही दोनच पदे; एका सुरात ती शाबासकी, दुसऱ्यात कानउघाडणी. शब्दकोश येथे निरुपयोगी ठरतो. वाद्यवृंद दृश्याच्या बाबतीत हेच कार्य करतो. दारातून बाहेर पडणारी स्त्री हे वाक्य. ती सुटली की हद्दपार झाली, हे व्हायोलिने सांगतात.

सुराचे आणखी एक लक्षण येथे महत्त्वाचे आहे. विधानाला 'हे खोटे आहे' असे उत्तर देता येते. सुराला देता येत नाही. दिलेच, तर बोलणारा 'मी तसं काही म्हटलंच नाही' म्हणून मोकळा होतो. वाद्यवृंदाचे सामर्थ्य आणि त्याचा धोका दोन्ही या एका गोष्टीत आहेत. प्रेक्षक संवादाशी मनात वाद घालतो, व्हायोलिनांशी घालत नाही.

हे सामर्थ्य निसर्गदत्त की शिकलेले? चढत जाणारा स्वर आणि वाढत जाणारा आवाज यांचा परिणाम काही अंशी देहावरच होतो, हे नाकारता येणार नाही. पण सगळेच देहावर ढकलणे युक्त नव्हे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत पाश्चात्त्य स्वरमेळ रुजविला तो मुख्यतः गोव्याच्या वादकांनी. चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकून आलेल्या या मंडळींत अँथनी गोन्साल्विस आणि सेबॅस्टियन डिसोझा यांची नावे अग्रभागी येतात. महाराष्ट्रातील श्रोत्याला या स्वरमेळाचे व्याकरण कोणी शिकविले नव्हते. तरी विरहाच्या प्रसंगी व्हायोलिनांचा समूह पुनःपुन्हा ऐकून तो ही भाषा शिकला, मूल मातृभाषा शिकते तशी. सनईचे पाहावे. लग्नमंडपात ती मंगल. तीच पडद्यावर लेकीच्या पाठवणीला वाजली की कंठ दाटतो. वाद्य तेच, पालटला तो संदर्भ आणि संकेत. (वाद्याला एखादा रस कायमचा बहाल करणारे समीक्षक या सनईचा विचार करीत नाहीत.)

वाद्यांचा परिणाम जेथे अत्यंत तीव्र होतो, तेथे ती मानवी कंठाच्या जवळ आलेली असतात, असेही दिसते. 'पथेर पांचाली'त (१९५५) हरिहर परततो, दुर्गेसाठी आणलेली साडी पुढे करतो आणि सर्वजया कोसळते. तिचा आक्रोश ऐकू येत नाही. त्याच्या जागी तारशहनाईचा उंच स्वर येतो. संगीत रविशंकरांचे. हिचकॉकच्या 'सायको'त (१९६०) स्नानगृहातील हत्येला संगीत नसावे, असाच दिग्दर्शकाचा मूळ विचार होता. बर्नार्ड हर्मनने केवळ तंतुवाद्यांची किंकाळी रचली आणि ती ऐकल्यावर हिचकॉकने आपला विचार सोडला. दोन्ही ठिकाणी वाद्याने शब्दाला सजविले नाही, त्याची जागा घेतली. म्हणून पार्श्वसंगीत म्हणजे निव्वळ भावनांची उधळपट्टी, हा सरसकट आक्षेप टिकत नाही.

मग 'कुंकू'ने ते का नाकारले? उत्तर कथेत आहे. फसवून वृद्ध काकासाहेबांशी लग्न लावून दिलेली नीरा पत्नीत्व नाकारते. तिचे हत्यार शब्द आहे. ती भांडते, युक्तिवाद करते, 'नाही' म्हणते. या नकारामागे व्हायोलिने करुण होऊन वाजली असती, तर प्रेक्षकाने नीरेची कीव केली असती, आणि कीव केली की युक्तिवादाला उत्तर देण्याची जबाबदारी संपते. वाद्यवृंदाने तिचे वकीलपत्र घेतले नाही, म्हणून तिला स्वतःच बोलावे लागले आणि प्रेक्षकाला ऐकावे लागले. शांता आपटे यांच्या आवाजातील धार आजही बोथट वाटत नाही, याचे श्रेय अभिनयाइतकेच त्या मोकळ्या सोडलेल्या अवकाशाला आहे.

मात्र शांतारामांनी येथे भावना वगळली असा समज होऊ नये. संगीत हद्दपार होताच घड्याळ बोलू लागते. त्याची टिकटिक व ठोके वृद्ध पतीच्या सरत्या वयाशी इतक्या वेळा जोडले जातात की अखेरीस तो नाद केवळ वेळ सांगत नाही. वाद्याला आधी वाच्यार्थ नसतो, तो दृश्याकडून उसना घ्यावा लागतो. घड्याळाला वाच्यार्थ आधीच असतो आणि व्यंजना त्यावर हळूहळू चढते. ही व्यंजना प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत घडते, आणि काकासाहेबांविषयी जी कणव अखेरीस वाटते तिचा बराच भाग या घड्याळाने कमावलेला आहे. नीरेच्या वाट्याला अशी एकही वस्तू दिलेली नाही.